जँगोचा पहिला प्रोजेक्ट: आधी एन्व्हायरन्मेंट, मग एडिटर

कर्वेनगर-कोथरूडला रूम घेऊन राहणारी, डेक्कनच्या क्लासला जाणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पायचार्म घेऊ की व्हीएस कोड?" दोन्ही कोड लिहायचे एडिटर. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर व्हीएस कोड घ्या. १६ असेल आणि पायचार्म आवडत असेल तर ते घ्या. एडिटर पुढे कधीही बदलता येतो, त्यात आठवडा घालवू नका. फ्रेशर अडतो तो दुसरीकडे: दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालू करताना.

हिंजवडीत आमच्या टीममध्ये आलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर पायथन ३.१३ होतं आणि प्रोजेक्ट जँगो ३.२ चा (जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क). रनसर्व्हर ही साइट चालू करायची कमांड दिल्याबरोबर एरर आला, 'नो मॉड्यूल नेम्ड सीजीआय'. तो लगेच पिपवर (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करायचं टूल) सीजीआय शोधायला लागला. "अरे थांब, आधी पायथन कुठलं आहे ते बघ," मी म्हटलं. सीजीआय हे पायथनसोबतच मिळणारं मॉड्यूल होतं. ३.१३ मधून ते काढून टाकलं, आणि जँगो ३.२ ला आतून ते लागतं. म्हणजे कोडमध्ये खोट नव्हतीच. पायथन ३.९ वर नवं एन्व्हायरन्मेंट (त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) केलं, रिक्वायरमेंट्स, म्हणजे यादीतली लागणारी पॅकेजेस, इन्स्टॉल केल्या, साइट चालू झाली. त्याचे दुसरे प्रोजेक्ट ३.१३ वर होते तसेच राहिले.

व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट म्हणजे मुळात एक साधा फोल्डर. 'वेन्व्ह' २०१२ पासून, पायथन ३.३ पासून, पायथनमध्येच आहे. वेगळं काही आणावं लागत नाही (उबुंटूवर मात्र त्याचं पॅकेज वेगळं इन्स्टॉल करावं लागतं). एकदा तो फोल्डर उघडून वाचाच. आत पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी नावाची छोटी फाइल दिसेल. तिच्यात 'होम' या ओळीपुढे मूळ पायथन कुठे आहे तो पत्ता असतो आणि खाली व्हर्जन. साइट-पॅकेजेसमध्ये तुम्ही टाकलेली जँगो वगैरे पॅकेजेस. अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर होतं काय, तर टर्मिनलच्या पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या पत्त्यांच्या यादीत) या फोल्डरचा पत्ता सगळ्यांच्या पुढे लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पोएट्री, पिपएन्व्ह, यूव्ही या एन्व्हायरन्मेंट सांभाळणाऱ्या टूल्सची भीती जाते, कारण तीही शेवटी असाच फोल्डर बनवतात.

या फोल्डरमध्ये पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, म्हणून तो पेन ड्राइव्हवरून मित्राला देऊ नका आणि गिटमध्येही (कोडच्या आवृत्त्या ठेवायचं टूल) टाकू नका. द्यायची ती रिक्वायरमेंट्सची फाइल, व्हर्जन आकड्यांसकट. ती बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर एन्व्हायरन्मेंट सरळ डिलीट करा आणि त्या फाइलवरून पुन्हा उभं करा. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी.

व्हीएस कोडमध्ये एक गोष्ट हमखास छळते. टर्मिनलमध्ये साइट नीट चालते, पण फाइलमध्ये 'इम्पोर्ट जँगो'खाली पिवळी नागमोडी रेघ. एडिटर दुसऱ्याच पायथनकडे बघत असतो. पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात व्हर्जन दिसतं, त्यावर क्लिक करून प्रोजेक्टमधलं इंटरप्रिटर, म्हणजे त्या एन्व्हायरन्मेंटचं पायथन, निवडा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांवर थेट पिप इन्स्टॉल दिलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट' म्हणून नकार येतो. त्यावर 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय सुचवलेला दिसेल. तो वापरू नका. सिस्टमची स्वतःची कामंही त्याच पायथनवर चालतात. विंडोजवाल्यांनी प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, हजारो बारीक फाइल्स सिंक होत बसतात.

यूव्ही २०२४ मध्ये आलं, आणि नव्या प्रोजेक्टला मी आता तेच घेते. रस्ट या भाषेत लिहिलंय, झपाट्याने चालतं, हवं ते पायथन स्वतः उतरवून घेतं. एकदा डाउनलोड झालेलं पॅकेज कॅशमधून पुढच्या प्रोजेक्टला वापरतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्याला हे मोठं सुख आहे. तरी पहिला प्रोजेक्ट साध्या वेन्व्ह आणि पिपवरच करा. जुन्या टीममध्ये तेच असतं, आणि आत काय चाललंय ते त्यातच कळतं.

डॉकरची घाई मात्र नको. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका बंद डब्यात चालवायचं टूल, आणि त्या डब्याचा साचा म्हणजे इमेज. ८ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर डॉकर डेस्कटॉप, ब्राउझर आणि एडिटर एकत्र चालवलं की मशीन अडखळतं. सुरुवातीला जँगोसोबत एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस पुरतो. पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस लागेल तेव्हा फक्त डेटाबेस डॉकरमध्ये ठेवा आणि जँगो वेन्व्हमध्येच राहू द्या. मग डीबगरही (कोडमधली चूक शोधायचं टूल) सरळ लागतो, आणि कोड बदलल्यावर दर वेळी इमेज बांधत बसावं लागत नाही.