हिरवी खूण दिसली म्हणून पुढच्या पोर्टला पळू नका

ऑफिसातली नेटवर्क केबल तपासताना टेस्टरवर ‘पास’ आलं की पोरं लगेच पुढच्या पोर्टला जातात. दीडशे पोर्ट संध्याकाळपर्यंत उरकायचे असतात, त्यांचाही नाइलाज असतो. पण ‘पास’शेजारी बारीक चांदणी आहे का, तेवढं बघा. चांदणी म्हणजे माप मर्यादेला इतकं चिकटलंय की टेस्टरच्या स्वतःच्या अचूकतेपलीकडे ते ठामपणे सांगता येत नाही.

मागे एका ऑफिसात कॅट ६ च्या लिंकला नेक्स्टचं, म्हणजे जवळच्या टोकाच्या क्रॉसटॉकचं (एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपण्याचं), मार्जिन, म्हणजे मर्यादेपासूनचं अंतर, आलं फक्त ०.३ डीबी. सोबतचा मुलगा म्हणाला, “सर, पास आहे ना!” रॅककडून (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तिथून) घेतलेल्या क्रॉसटॉकच्या आलेखात उंचवटा ४१ मीटरवर, केबलच्या पार दुसऱ्या टोकाशी होता, म्हणजे दोष टेबलाकडच्या टोकाला. आयओ, म्हणजे टेबलाजवळचं सॉकेट, उघडला तर तपकिरी जोडीचा पीळ इंचभर सुटलेला. सोडायचा असतो जास्तीत जास्त १३ मिमी. कापून पुन्हा पंच केलं (तारा सॉकेटात दाबून बसवल्या), मार्जिन ४ डीबीच्या वर गेलं. रॅक पुन्हा सोडवत बसलो असतो तर दुपार गेली असती.

टेस्टरमध्ये मर्यादा चुकीची निवडणं ही त्याहून मोठी चूक, आणि कधी कधी ती मुद्दाम केलेली असते. भिंतीतली पक्की केबल ‘परमनंट लिंक’वर तपासायची, ९० मीटरपर्यंत. ‘चॅनल’मध्ये पॅचकॉर्ड (टोकांना जोडायच्या सुट्या केबल) धरून १०० मीटर असतात, त्यामुळे मर्यादाही सैल असतात. नापास लिंक तिथे पास होते, आणि तक्रार येते सहा महिन्यांनी.

चारही जोड्यांची लांबी थोडी वेगवेगळी दिसली तर घाबरू नका. प्रत्येकीचा पीळ वेगळा असतो. सगळ्याच लांब्या सारख्या प्रमाणात चुकत असतील तर टेस्टरमधला एनव्हीपी (सिग्नलच्या वेगाचा आकडा, ज्यावरून टेस्टर लांबी काढतो) केबलच्या डेटाशीटशी ताडून बघा.

दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका. कुणी दोन्ही टोकांना ३-४ आणि ५-६ अशा जोड्या लावल्या (हव्यात ३-६ आणि ४-५), तर दिवे क्रमाने छान लागतात. नेक्स्ट मात्र सपशेल आपटतो.

शेवटी रोधाकडे बघा, तो रकाना कुणी वाचत नाही. २३ गेजच्या अस्सल तांब्याला ५० मीटरवर लूपचा (जोडीतल्या दोन्ही तारांचा मिळून) रोध ७ ओहमच्या आसपास येतो. १०-११ आला तर तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली की ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यावर पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे लावायच्या आधी केबल पुरवणाऱ्याला फोन लावा.