नाशिकमध्ये राहून चीन-पाश्चात्त्य संबंधांचा अभ्यास कसा करावा

एम.ए.च्या प्रबंधासाठी ‘चीन आणि पाश्चात्त्य देश’ एवढा मोठा विषय घेऊ नका, तो कधीच आवरत नाही. एक घटना, फार तर पंधरा वर्षांचा काळ आणि दोन्ही बाजूंची कागदपत्रं एवढंच घ्या. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सगळ्यांत सोयीचं म्हणजे ब्रिटन आणि चीन यांच्यातलं पहिलं अफूयुद्ध (१८३९–४२). माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनच्या कँटन बंदराला जायची, त्यामुळे या विषयाचं एक टोक आपल्याच दप्तरखान्यात सापडतं.

सुरुवात इतिहासग्रंथाने नको, तहाने करा. हे युद्ध संपवणाऱ्या २९ ऑगस्ट १८४२ च्या नानकिंग तहाची १३ कलमं छापून घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा: कोणी काय दिलं, कोणाला, किती मुदतीत. पाच बंदरं खुली झाली. भरपाई २ कोटी १० लाख डॉलर ठरली: ६० लाख जप्त अफूचे, ३० लाख कँटनच्या व्यापाऱ्यांच्या थकबाकीचे, १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे. तह स्वतः वाचला की पुढच्या तीन चुका टळतात, आणि त्या प्रबंधांत वारंवार दिसतात. या तहाने अफू कायदेशीर झाली नाही. ते १८५८ च्या जकात करारानं झालं. ब्रिटिश नागरिकांवर चिनी कायदा न चालण्याची सवलत १८४३ च्या पुरवणी तहात आली. आणि हाँगकाँग बेट ९९ वर्षांच्या भाड्याने दिलेलं नव्हतं, ते कायमचं तोडून दिलं होतं. भाडेपट्टा १८९८ चा आणि तो उत्तरेकडच्या नव्या प्रदेशाचा.

नावांची वही पहिल्याच दिवशी घाला. जुन्या इंग्रजी कागदांतलं कँटन म्हणजे आजचं ग्वांगझो, अमॉय म्हणजे शियामेन, नानकिंग म्हणजे नानजिंग. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून १८३९ मध्ये अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या नष्ट करणारे चिनी अधिकारी लिन झशू सूचीत ‘लिन’खाली शोधा. चिनी कागदांवरची तारीख सम्राटाच्या राज्यवर्षाची आणि चांद्र महिन्याची असते. दाओग्वांग सम्राटाच्या वर्षात १८२० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून २२ वं वर्ष म्हणजे १८४२. मात्र वर्षअखेरचे चांद्र दिवस पुढच्या इंग्रजी जानेवारी-फेब्रुवारीत जातात, तिथे तक्ता पाहिल्याशिवाय तारीख लिहू नका.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो एका प्रश्नाला: हा कागद कोणी, कोणासाठी लिहिला? १७९३ मध्ये ब्रिटनचं मॅकार्टनी शिष्टमंडळ चीनला आलं, तेव्हा छ्यानलाँग सम्राटाने ब्रिटनच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला लिहिलेल्या पत्रातली ‘तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही’ या आशयाची ओळ सगळीकडे उद्धृत होते आणि तेवढ्यावर चीन गर्विष्ठ ठरतो. त्याच काळातले दरबारी आदेश मात्र किनाऱ्यावरचं सैन्य सज्ज ठेवायला सांगतात. एकच कागद वाचला की निष्कर्ष उलटा निघतो. हीच अडचण इतिहासकार जॉन फेअरबँक यांच्या मांडणीची: पाश्चात्त्यांचा आघात, चीनचा प्रतिसाद. पॉल कोहेन यांनी १९८४ मध्ये तिच्यावर टीका केली, की यात चीनच्या आतले बदल दिसतच नाहीत. दोघांनाही वाचा, आणि त्याच क्रमाने.

संदर्भांसाठी टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयापासून (‘सावाना’) सुरुवात करा. हे वाचनालय १८४० चं, म्हणजे ऐन अफूयुद्धातलं. इंग्रजी ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतात, राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर. अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन भेटीवर काम करणार असाल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रकाशित दस्तऐवज घरबसल्या वाचता येतात.

मुंबईच्या पुराभिलेखागारासाठी मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र लागेल. आधी फोन करून वेळ विचारा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली तर त्याच दिवशी परत येता येतं. जाताना हव्या त्या खात्याचं नाव, वर्ष आणि खंड लिहून न्या, नाहीतर अर्धा दिवस सूची चाळण्यातच जातो. प्रत्येक टिपणावर खंड आणि पानाचा क्रमांक जागेवरच टाका.