शरीररचना व पेशीजीवशास्त्राच्या परिषदेसाठी पोस्टर तयार करताना

चेतापेशींचे स्पॅनिश अभ्यासक सान्तियागो रामोन इ काखाल १८८९ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या बर्लिनमधील अधिवेशनाला गेले, तेव्हा त्यांनी चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या चेतापेशींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली मांडल्या आणि कोलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ अभ्यासकाला त्या स्वतः पाहायला लावल्या. कोलिकर यांचे मत काखाल यांच्या बाजूने त्या काचपट्ट्यांनीच वळवले. या विषयांच्या परिषदेत आजही आधी चित्र पाहिले जाते आणि मजकूर नंतर वाचला जातो, म्हणून पोस्टरची सुरुवात प्रस्तावनेने न करता चित्राच्या निवडीने करावी.

संपूर्ण निष्कर्ष ज्यात दिसतो असे एकच चित्र मोठे घ्यावे. त्यावर मापपट्टी हवीच, कारण पोस्टर छापताना चित्र मोठे केले की 'चारशे पट' हा शेरा निरर्थक ठरतो, मापपट्टी मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते. ती बरोबर आहे का, हे पडताळण्याची एक सोपी युक्ती आहे: मानवी ऊतकाच्या छेदात तांबडी रक्तपेशी सापडली, तर तिचा व्यास पट्टीवर ताडून पाहावा. तो ७ मायक्रोमीटरच्या आसपास यायला हवा. १५ आला, तर बहुधा वस्तुभिंग बदलल्यावर सॉफ्टवेअरमधील नोंद बदलायची राहून गेली आहे.

प्रतिदीप्त (चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या पेशींच्या) चित्रांत लाल आणि हिरवा ही जोडी टाळून हिरवा आणि किरमिजी हे रंग वापरावेत, म्हणजे लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या प्रेक्षकालाही दोन प्रथिने वेगळी दिसतील. डॅपी या केंद्रके रंगवणाऱ्या रंगद्रव्याने निळी झालेली केंद्रके काळ्या पार्श्वभूमीवर छपाईत बुडून जातात. त्यामुळे प्रत्येक रंगाचे चित्र स्वतंत्रपणे करड्या छटांत द्यावे आणि एकत्रित चित्र शेवटी ठेवावे. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगद्रव्यांच्या जोडीने रंगवलेल्या छेदांत केंद्रके निळसर-जांभळी आणि पेशीद्रव्य गुलाबी राहील, इतपतच रंगसमतोल साधावा. उजळपणा वाढवायचाच असेल, तर तो नियंत्रण गटाच्या आणि प्रयोग गटाच्या चित्रांत सारखाच वाढवावा.

सर्वाधिक प्रश्न नमुनासंख्येवर येतात, आणि ते योग्यच आहे. तीन उंदरांच्या प्रत्येकी शंभर पेशी मोजल्या, तर उंदरांची तुलना करताना नमुनासंख्या तीन असते, तीनशे नव्हे. तीनशे धरल्यास फरक लक्षणीय भासतो, पण तो पेशींच्या गर्दीचा परिणाम असतो. आलेखावर प्रत्येक प्राण्याची सरासरी स्वतंत्र ठिपक्याने दाखवावी आणि उभ्या रेषा प्रमाण विचलनाच्या (मोजमापांचा विखुरलेपणा) आहेत की प्रमाण त्रुटीच्या (सरासरीतली अनिश्चितता), हे आलेखाखालीच लिहावे.

मानवी शवाची छायाचित्रे असतील तर देहदानाच्या संमतीत अशा वापराची परवानगी आहे का, हे आधी पाहावे. चेहरा, गोंदण किंवा ओळख पटवणारी खूण चौकटीत येऊ देऊ नये. नैतिकता समितीच्या मंजुरीची एक ओळ पुरेशी असते. आकार आयोजकांच्या सूचनेनुसार ठेवावा. ए-शून्य म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, आणि तो उभा की आडवा हे आधी विचारून घेतलेले बरे.

प्रत्यक्ष सत्रात पोस्टरच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे आणि दोन मिनिटांत बोटाने चित्र दाखवत निष्कर्ष सांगावा. किती प्राणी, किती छेद आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असावीत; तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर विचारणाऱ्याने पकडण्याआधी ते स्वतःच सांगून टाकावे.