बारशाची तयारी आणि मागच्या वेळी राहून गेलेला फोन

येत्या रविवारी सांगलीला माझ्या माहेरी धाकट्या मुलीचे बारसे आहे. त्या दिवशी ती आठ आठवड्यांची होईल. चार वर्षांपूर्वी मोठ्या मुलाचे बारसे आम्ही सव्वा महिन्याला कार्यालयात, दीडशे माणसांत केले होते. सजावट, जेवण, आहेर यांतली एकही गोष्ट राहिली नव्हती. राहिला तो आदल्या दिवशी करायचा एक फोन, आणि त्यापायी पाचव्या दिवशी बाळाला रुग्णालयात ठेवावे लागले. म्हणून ही तयारी या वेळी लिहून काढते आहे.

पाळणा, फुलांच्या माळा, घुगऱ्या, पेढे, ओटीचे सामान हे कोणत्याही घरात कोणी ना कोणी पाहतेच. त्यावर वेळ घालवत नाही.

आधी फोनविषयी. मोठ्याच्या बारशाला माझी नणंद, म्हणजे बाळाची आत्या, सोलापूरहून पहाटेच्या गाडीने आली. तिचा घसा दोन दिवस बसला होता आणि नाक वाहत होते, पण नाव ठेवण्याचा मान तिचा असल्यामुळे एक गोळी घेऊन ती उभी राहिली. आता हा विधी कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि ‘कुर्र’ करते, आणि तिच्या पाठीवर बाकीच्या बायका थापट्या मारत असतात. दीडशे माणसांत बाळाच्या श्वासाच्या इतक्या जवळ दुसरे कोणीही जात नाही. पाचव्या रात्री बाळ दूध ओढेना, बरगड्यांखाली पोट आत जाऊ लागले आणि श्वासाची गती मोजता येईना. डॉक्टरांनी आरएसव्ही नावाच्या विषाणूचे निदान केले. मोठ्या माणसाला त्याची साधी सर्दी होते, तान्ह्या बाळाच्या मात्र फुप्फुसांतल्या बारीक नळ्या सुजून भरून जातात. प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नसतो. प्राणवायू आणि नळीने दूध एवढ्यावर चार रात्री काढल्या.

नणंदेवर माझा रोष तेव्हाही नव्हता आणि आज तर मुळीच नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते. आम्ही न विचारल्यामुळे एक बोच मात्र कायमची तिच्या वाट्याला आली. पुढे वर्षभर ती मुलाला उचलून घ्यायला कचरत असे, आणि ते पाहणे मला रुग्णालयातल्या रात्रींइतकेच जड गेले. एकमेकांचा मान सांभाळणाऱ्या घरात, पाच तासांचा प्रवास करून दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ‘तुम्हाला सर्दी आहे, बाळाजवळ येऊ नका’ असे सांगण्याची छाती कोणाचीही होत नाही, बाळंतिणीची तर नाहीच. ते सांगणे शक्य असते ते माणूस स्वतःच्या घरी असताना, पिशवी भरण्याआधी. म्हणून फोन आदल्या संध्याकाळी करायचा, सकाळी नव्हे.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आजारी असणाऱ्यांनी कृपया येऊ नये’ असा निरोप टाकून भागत नाही, कारण सर्दीला आजार समजणारा माणूस आपल्याकडे विरळा. ‘सगळे बरे आहेत ना’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर येते. नेमके विचारावे लागते: घरात कोणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब आहेत का, कोणाचे डोळे आले आहेत का, ओठावर तापाचे फोड उठले आहेत का, शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी कोणी गेल्या आठवड्यात घरी राहिले होते का. ओठावरच्या फोडाचे नाव मुद्दाम घेते, कारण त्याला कोणीच गणतीत धरत नाही, आणि त्यातला विषाणू पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. फोनच्या शेवटी एवढे तरी म्हणायचेच, की या वेळी आला नाहीत तरी तुमचा मान तसाच आहे, दोन आठवड्यांनी तुमच्यासाठी वेगळा दिवस ठेवला आहे. तो दिवस खरोखर ठेवायचा. आमच्या दिनदर्शिकेत आम्ही एक रविवार आधीच राखून ठेवला आहे.

फोन कोणी करायचा, हेही ठरवून घ्या. सासरच्या माणसांना मुलाने किंवा सासूबाईंनी, माहेरच्यांना भावाने किंवा आईने. सुनेने नणंदेला विचारले तर त्याचा वेगळाच अर्थ लागतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे निस्तरावा लागतो. आमच्याकडे सासूबाईंनी हे काम आपणहून अंगावर घेतले आहे, आणि त्यांच्या आवाजात ‘अगं, खोकला असेल तर पुढच्या वेळी ये’ हे वाक्य जितके सहज वाटते तितके माझ्या तोंडी कधीच वाटले नसते.

तारीख बारावा दिवस, सव्वा महिना की तिसरा महिना, यावर घराघरांत मतभेद असतात. आम्ही या वेळी सहा आठवड्यांची लस टोचून दोन आठवडे होऊ दिले. त्या लसीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांचा पहिला डोस असतो; सोबत पोलिओ, रोटा (जुलाबाचा विषाणू) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाचा जंतू) यांच्या लसींचाही असतो. पण पहिला डोस म्हणजे पुरते संरक्षण नव्हे. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले डोस अजून व्हायचे आहेत, गोवराची लस तर नवव्या महिन्याची. शिवाय मोठ्याला झालेल्या आजारावर या लसींपैकी एकही नाही. त्यामुळे लस झाली म्हणून फोन टाळता येत नाही.

माणसे पंचवीसच बोलवायची, तीही घरी, खिडक्या उघड्या ठेवून. बाळाला बाहेरच्या खोलीत विधीपुरतेच आणायचे. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही. दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, तेव्हा मुहूर्ताची वेळ पाजण्याच्या आधीची नव्हे, नंतरची धरा, आणि आतल्या खोलीची कडी नीट लागते का ते आदल्या दिवशी पाहा. त्या खोलीच्या दाराशी घरातली एक ठाम बाई बसवा. आमच्याकडे माझी मावशी बसणार आहे. मागच्या वेळी पाजत असताना चार वेळा दार उघडले होते.

‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या वरून-खालून द्यायला टोपडे घातलेला वरवंटा असतोच. हात बदलण्याचे सगळे कौतुक त्या वरवंट्यावर होऊ द्यावे. बाळ आई, दोन्ही आज्या, पणजी आणि आत्या एवढ्यांच्याच हातात राहावे. माझ्या सासऱ्यांची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या मांडीवर बाळ सगळ्यांत आधी द्यायचे आहे, खुर्ची भिंतीला टेकवून, कोपराखाली उशी देऊन. तिने चार पिढ्या पाहिल्या. तिला घाई करायची नाही.

हात साबणाने धुऊन मगच बाळाला हात लावायचा, हे सर्वांना माहीत असते आणि तरी कोणी करत नाही. म्हणून साबण आणि स्वच्छ पंचे दारातच ठेवायचे. पापा गालाचा नाही आणि हाताचाही नाही, कारण ती मूठ लगेच तोंडात जाते, पावलांचा घ्या. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस कोणाला असेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणायचे: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, मध घरचा असो की शुद्ध. घुटीही नको. काजळ डोळ्यांत घालायचे नाही, तीट तळपायाला लावावी. दृष्ट काढायला माझी अजिबात हरकत नाही, परंतु मीठ-मोहरी स्वयंपाकघरात नेऊन टाका. तो धूर आणि धुरीची शेगडी बाळाच्या खोलीत नकोत. वाळे, मनगट्या चालतील, गळ्यात दोरा नको.

हे सगळे नीट पार पडले आणि फोन राहिला तर काय होते, ते मी पाहिले आहे. हात धुतलेल्या, पापा न घेतलेल्या, अतिशय मायाळू माणसाच्या श्वासातून तो आजार आला होता. साबण दारात ठेवा. पण आधी फोन करा.

मंडळी गेल्यावर बाळाला आतच ठेवा आणि बाळंतिणीला गरम जेवण करून झोपू द्या. पुढचे आठ दिवस लक्ष असू द्या. काखेतले तापमान 99.5 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरले, दूध निम्म्यावर आले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असताना श्वास मिनिटाला 60 (दोन महिन्यांनंतर 50) किंवा त्याहून अधिक असला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरकडे न्यायचे. श्वास पूर्ण मिनिट मोजावा.

पुण्याचा परतीचा प्रवास त्यानंतर दहा दिवसांनी, दर दोन तासांनी थांबत. सासरच्या गावाला चौदा आठवड्यांची लस झाल्यावर जायचे. तिथल्या घरांनाही आधी फोन करायचे, त्याच प्रश्नांचे.

घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी दुपारी भिजत घालायचे. संध्याकाळी सहाला सासूबाई फोन करायला बसतील. यादीत पहिला क्रमांक सोलापूरचा आहे.