विंडोज अपडेट करताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अपडेट कायमचं बंद करून टाकणं. लॅपटॉप स्लो होतो, नेट खातो म्हणून बरेच जण सर्व्हिसेसमध्ये (विंडोजच्या मागे चालणाऱ्या कामांची यादी) जाऊन ते डिसेबल करतात, नाहीतर दुकानवालाच फॉरमॅट मारताना करून देतो आणि मग वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तेव्हा हेच नडलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी तो टाकलाच नव्हता त्यांच्या फाइल्स लॉक झाल्या, इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. हॉटस्पॉटचा डेटा वाचवायचा असेल तर सेटिंग्जमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापरायचं) करा किंवा अपडेट काही दिवस पॉज करा, पण बंद नका करू प्लीज.

दुसरं, टक्केवारी अडकली की लगेच पॉवर बटण दाबून धरायचं नाही. जुन्या हार्ड डिस्कवर एकाच आकड्यावर तासभरसुद्धा जातो, डिस्कचा लाइट लुकलुकत असेल तर काम चालू आहे, थांबा. लॅपटॉप चार्जरला लावूनच सुरू करा, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या टायमाला तर अजिबातच नको.

अपडेट सारखं फेल होतंय? आधी सी ड्राइव्ह बघा, बहुतेक वेळा तिथे जागाच नसते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा आणि साफ करा, फक्त त्या यादीत डाउनलोड्स पण असतं, त्यावर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर आधार-मार्कशीटच्या पीडीएफ सगळ्या उडतील!! तरी नाही झालं तर विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर (बिघाड शोधणारं विंडोजमधलंच टूल) चालवा. मग शेवटचा उपाय, विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन आहे, त्यातल्या डाउनलोड फोल्डरमधलं सगळं डिलीट करा, सर्व्हिस परत चालू करा आणि पुन्हा चेक करा. अर्धवट उतरलेली फाइल खराब असेल तर याने ती नव्याने उतरते.

ब्राउझरमध्ये "अपडेट करा" म्हणून पॉपअप आला तर क्लिक करू नका, विंडोजचं अपडेट सेटिंग्जमधूनच करायचं.

आणि विंडोज १० वाल्यांनो, त्याचा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ वर जायला टीपीएम २.० (सिक्युरिटीसाठीची चिप किंवा तसं फीचर) लागतं, पुष्कळ मशीनमध्ये ते असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) ऑफ असतं, त्यामुळे नवीन पीसी घ्यायच्या आधी तेवढं चेक करा.