हातमाग, खादी, घोंगडी घेताय? मग या चुका टाळा

सांगलीत हल्ली ‘सस्टेनेबल’, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या कपड्यांची प्रदर्शनं वरचेवर भरतात. प्रदर्शन संपलं की महिनाभरात लोक पिशवी घेऊन माझ्या शिलाईच्या टेबलाशी हजर. आटला, रंग गेला, फाटला. कापडाची तक्रार असते, पण निम्म्याहून जास्त वेळा घोळ घरीच झालेला असतो.

न भिजवता शिवायला टाकणं

या चुकीचा मला खरोखर वीट आलाय. गिरणीचं बरंचसं कापड आधीच आटवून बाजारात येतं. हातमागाचं तसं नसतं. मागावर सूत ताणलेलं असतं, त्याला खळ दिलेली असते. पहिल्या पाण्यात खळ निघते, ताण सुटतो आणि कापड आखडतं. मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर सहज जातात, तेही जास्त करून लांबीत.

एक नवरदेवाचा भाऊ लग्नाच्या तोंडावर खादीचं कापड घेऊन आला. कुर्ता आणि वर अस्तराचं जाकीट. म्हटलं, आधी भिजवू, दोन दिवस जातील. “काकू, वेळ नाही ओ, असंच बेता की.” मी नाही म्हटलं. तो दुसरीकडे गेला, झटपट शिवून घेतलं, लग्नात मिरवलाही. नंतर घरी कुणीतरी दोन्ही कपडे मशीनमध्ये गरम पाण्यावर टाकले. कुर्त्याच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या. जाकिटाची गंमत आणखी वेगळी: वरची खादी आटली, आतलं पॉलिस्टरचं अस्तर आहे तेवढंच राहिलं आणि खालून लोंबायला लागलं. मग स्वारी परत माझ्याकडे. “काकू, उसवून मोठं करा की.” आत मार्जिन जेमतेम अर्धा सेंटिमीटर, मोठं करू कशातून? शेवटी कुर्ता भाच्याच्या मापाचा करून दिला. जाकीट तसंच पडून आहे म्हणे.

माझी पद्धत साधी आहे. कापड रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी न पिळता सावलीत, थोडं ओलसर असतानाच इस्त्री. जाड खादी असेल तर हेच दोनदा. सुती अस्तर, पायपिंग, नाडीची पट्टीसुद्धा त्याच बादलीत. पाण्यात मूठभर मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो असं सांगणारे खूप भेटतील. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. तो पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळा धुवायचा, दुसरा उपाय नाही.

‘नैसर्गिक रंग’ म्हटलं की डोळे मिटून घेणं

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण त्यानंतर हळदीनं रंगवलेल्या ओढण्याही दिसायला लागल्या आणि लोक कौतुकानं घ्यायला लागले. अहो, लग्नातल्या हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात ठेवला की उडतो, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. ओढणीवर आली म्हणून हळद आपला स्वभाव बदलेल का? एक ताई अशी ओढणी धुण्याच्या सोड्यात घालून आल्या. पिवळ्याची विटकरी झाली, वाळत घातल्यावर मधोमध पांढुरकी. “फसवलं मला,” म्हणाल्या. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं हे खरं, पण यांनीही काही विचारलं नव्हतं.

पिवळा हवा तर डाळिंबाच्या सालीचा घ्या, तुरटी देऊन पक्का केलेला. आटपाडीकडे डाळिंबाला तोटा नाही. जावळी-महाबळेश्वरच्या रानातला हिरडा आणि लोखंड मिळून करडा ते काळा सुंदर रंग येतो, फक्त त्यावर लिंबू सांडू देऊ नका, फिका ठिपका पडतो. घेताना दोनच प्रश्न विचारा: कशानं रंगवलंय, आणि तुरटी दिलीय का? विकणारा गडबडला तर कापड खाली ठेवा. धुवायला रिठ्याचं पाणी, वाळवायला सावली.

स्थानिक म्हणजे हातमाग असं धरून चालणं

विट्याचं, माधवनगरचं कापड इथलंच, पण ते यंत्रमागाचं. त्यात कमीपणा काही नाही. चांगलं सुती असेल तर मी स्वतः घेते. फक्त हातमागाचा भाव देऊ नका. हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क हा सरकारी शिक्का असतो. खादी म्हणजे हातानं कातलेलं आणि हातानंच विणलेलं, तिच्यासाठी खादी मार्क आहे. शंका आली तर काठाचे चार धागे काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. म्हणजे घोंगडीच्या नावानं अॅक्रिलिक गळ्यात मारलंय का, तेही कळतं.

घोंगडीवरून आठवलं. माण, आटपाडी, जत भागातली दख्खनी मेंढीची लोकर मुळातच भरड, तिला चिंचोक्याची खळ. नवी घोंगडी टोचणारच. “टोचते” म्हणून आठवड्यात परत आणायची नाही. मऊच हवी तर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची मागा आणि तिचे पैसे मोजा. वॉशिंग मशीनमध्ये तर घालूच नका, लोकर आवळून नमद्यासारखी, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या जाड थरासारखी होते. झटका, ऊन दाखवा, बास.

किरकोळ चुका भराभर सांगते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, न विचारता कापड घेणं: छत्तीस इंची पन्ह्याला पूर्ण बाहीच्या कुर्त्यासाठी तीन-सव्वातीन मीटर लागतं, अडीच मीटर आणून माझ्याशी वाद घालू नका. स्टार्च करून वर्षभर कपाटात ठेवणं: कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधणं: कृष्णाकाठच्या दमट हवेत बुरशी ठरलेली.

एवढा व्याप कशाला, असं विचारणारे आहेत. जतच्या एप्रिलमध्ये पॉलिस्टरचा शर्ट घालून एसटीची वाट बघा, मग बोलू. सुती हातमाग धुवावा तसा मऊ होतो, रफू झकास बसतो, आणि पॉलिस्टरसारखे प्लास्टिकचे तंतू धुण्याच्या पाण्यात सोडत नाही. महाग आहे, हे मान्य. वर्षाला सहा घेण्याऐवजी दोन घ्या.

शेवटचं, घाईचं. पावसाळ्यात जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या मागाला ओल धरते, ताण्याची (उभ्या धाग्यांची) खळ वाळत नाही, काम रेंगाळतं. दिवाळीला नेसायचं असेल तर विणकराला नवरात्रात फोन करून “कधी देताय?” विचारू नका. उन्हाळ्यातच सांगून ठेवा आणि सुताचे पैसे आगाऊ द्या. त्याला सूत रोखीनं घ्यावं लागतं.