उशिराची नोटीस हातात पडण्याआधी: पार्सलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

साताऱ्यात पार्सल पोहोचवण्याच्या कामाला लागणाऱ्या मुलांना पत्ते शोधायला फारसे शिकवावे लागत नाही. शाहूपुरीतल्या कॉलन्या, करंज्यातल्या गल्ल्या, परळी आणि ठोसेघरकडची विखुरलेली घरे महिन्याभरात अंगवळणी पडतात. झालेल्या उशिराचे खापर शेवटी कोणाच्या माथी आणि कोणत्या नोंदीमुळे फुटते, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि नोकरी जाते ती नेमकी त्यावरून. मला मिळालेल्या कारणे दाखवा नोटिशीतील बहुतेक पार्सले माझ्या हातात येण्याआधीच उशिरा झालेली होती. तो काळ आठवला की आजही मनस्ताप होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुण्याहून रात्री निघालेली गाडी खंबाटकी ओलांडून येते. त्या पट्ट्यात एखादा कंटेनर आडवा झाला किंवा बंद पडला की मागची सगळी वाहने खोळंबतात आणि पहाटे लागणारी गाडी हबवर, म्हणजे साताऱ्यातल्या पार्सलच्या गोदामात, नऊच्या सुमारास लागते. मग माल उतरतो, भागवार वेगळा होतो आणि रायडरच्या, म्हणजे पार्सल पोहोचवणाऱ्याच्या, नावावर स्कॅन होतो. तोवर साडेदहा वाजून गेलेले असतात. त्यातल्या काही पार्सलांची ग्राहकाला दिलेली तारीख आदल्या दिवशीच उलटलेली असते. तरीही ती ज्या क्षणी तुमच्या रनशीटवर, म्हणजे त्या दिवशी पोहोचवायच्या पार्सलांच्या यादीवर, चढतात, त्या क्षणापासून ‘मुदतीबाहेर’ हा शेरा तुमच्या नावासमोर लागतो. गाडी किती वाजता आली ही नोंद असते, पण ती दुसऱ्या तक्त्यात असते. महिनाअखेरीस वरिष्ठांसमोर जो कागद जातो त्यात रायडरचे नाव, एकूण पार्सले आणि उशिराची पार्सले एवढेच दिसते. तो कागद वाचणाऱ्याला तुम्ही आळशी दिसता. मला सगळ्यात जास्त टोचले ते हेच.

म्हणून सकाळी स्कॅन झाल्यावर, गाडीला किक मारण्याआधी, पाच मिनिटे खर्च करा. रनशीटवरील मुदतीच्या तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढा आणि सुपरवायझरला त्याच वेळी लेखी निरोप पाठवा. निरोपात तक्रारीचा सूर नको, फक्त वस्तुस्थिती हवी: ‘आज पुण्याची गाडी ९.१० ला लागली. रनशीट १०.४० ला मिळाली. सोबतच्या यादीतील पार्सलांची मुदत काल संपलेली आहे. परळी भागातील पार्सले दुपारनंतर पोहोचतील.’ एवढा मजकूर पुरतो. कंपनीच्या ॲपमधील चॅटवर मात्र विसंबू नका, कारण ॲपमधला तुमचा आयडी कंपनीने ब्लॉक केला की ॲप उघडत नाही आणि तुमचा सारा पुरावा ज्यांना उत्तर द्यायचे त्यांच्याच ताब्यात राहतो. तो निरोप साध्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर टाकून ठेवा. हे रोज करायला कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. तरीही रोजच करा, कारण नोटीस आल्यानंतर जुने दिवस आठवून लिहिलेल्या कैफियतीला त्या त्या दिवशी पाठवलेल्या दोन ओळींचे वजन कधीही येत नाही. पावसाळ्यात परळी खोऱ्यात रस्त्यावर झाड पडले, किंवा कासला फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या, तर तिथूनच फोटो काढून कळवा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरी न जाता ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारण्याचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल, आणि तो देणारा बहुधा हबमधला सर्वांत झटपट मोकळा होणारा रायडर असेल. त्याचे ऐकू नका. उशीर हा कामातील कसूर ठरतो, खोटी नोंद ही अप्रामाणिकपणा ठरते, आणि फोन लागला होता की नाही, गाडी त्या पत्त्याजवळ गेली होती की नाही, हे तपासणाऱ्याला काही मिनिटांत कळते. उशिराच्या नोटिशीतून माणूस सावरतो. खोट्या शेऱ्यातून सावरलेला मी पाहिलेला नाही. माझे ठाम मत आहे की काम शिकायचे तर सर्वांत वेगवान माणसाच्या मागे बसू नये, ज्याची पार्सले परत येत नाहीत आणि जो वर्षानुवर्षे एकाच भागात फिरतो आहे त्याच्यामागे बसावे. शेंद्रे किंवा वाढे फाट्याजवळ वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्यांनाही गुरू मानू नका.

नोटीस आलीच तर घाबरून राजीनामा देऊ नका. एका नोटिशीने नोकरी जात नाही. ती कारणे विचारणारी असते, आणि कारणे तुमच्याकडे असतात. तयार छापलेल्या माफीपत्रावर ‘ही नुसती औपचारिकता आहे’ असे म्हणून सही मागितली जाते. तिथे ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असे लिहून तारीख घालावी. उत्तर दिलेल्या मुदतीतच द्यावे, प्रत्येक पार्सलचा क्रमांक, स्कॅनची वेळ आणि पोहोचवल्याची वेळ लिहून. सहकाऱ्यांवर किंवा सुपरवायझरवर आगपाखड केल्याने काहीच साधत नाही. पोहोच घेतल्याशिवाय उत्तर देऊ नये.

पगारातून ‘पेनल्टी’ कापली जात असेल तर वेतन संहिता, २०१९ लक्षात ठेवा. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार दंड करण्याआधी कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, एका पगाराच्या काळातील एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि तो हप्त्यांनी किंवा दंड केल्यापासून ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. पंधरा हजार पगार असेल तर ही मर्यादा ४५० रुपयांची झाली. ताब्यात दिलेला माल तुमच्या हलगर्जीपणाने हरवला तर त्याची कपात वेगळ्या तरतुदीखाली येते. उशिरा पोहोचलेले पार्सल म्हणजे हरवलेले पार्सल नव्हे, आणि ठेकेदाराने ही सरमिसळ केली तर ती लेखी दाखवून द्यावी.

यासाठी तुमचा मालक कोण, हे आधी ठाऊक हवे. अंगावरच्या टी-शर्टवर एका कंपनीचे नाव असते आणि पीएफच्या पासबुकात भलत्याच ठेकेदाराचे. नेमणूकपत्र, पीएफचा यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या. तुम्हाला कामगार न म्हणता ‘भागीदार’ म्हणून जोडले असेल, तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० तुम्हाला प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपमार्फत काम करणारा, म्हणून ओळखते, पण ती संहिता सामाजिक सुरक्षेपुरती आहे. आयडी बंद करण्याआधी चौकशी व्हावी अशी हमी तिच्यात नाही. अशा मुलांनी तर रोजचे निरोप अधिकच जपावेत, कारण त्यांच्या बाजूने दुसरे काहीही नसते.

ठेकेदाराच्या पगारावर असताना तोंडी सांगून काढून टाकले, तर तसे लेखी मागा. ते मिळाले नाही तर ‘अमुक तारखेपासून मला काम दिलेले नाही, मी कामावर येण्यास तयार आहे’ असे पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा, नाहीतर तुम्हीच न सांगता गैरहजर राहिलात असे कागदावर येईल. काढल्यानंतर दोन कामाच्या दिवसांत उरलेला पगार मिळायला हवा. तो अडकला, किंवा काढणेच अन्यायाचे वाटले, तर साताऱ्यातील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. अर्जासोबत नोटीस, तुमचे उत्तर, त्याची पोहोच आणि रोजच्या निरोपांच्या छापील प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्या.